काळ्या पट्ट्यापाशीच माशी वाकडी का होते?

शनिवारी दुपारी आमच्या ओट्यावर चार-पाच जणी क्रोशा घेऊन बसतात. निम्म्या जणींच्या हातात सध्या मधमाशी आहे. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या सणाला, त्यांच्या लाकडी नंदीच्या वशिंडावर एकेक माशी बसवायची टूम मीच काढली होती, ती आता माझ्याच अंगाशी आली आहे. "काकू, बघा नं, हे काय होऊन राहिलं," म्हणत कोणीतरी पिशवीत हात घालते आणि माशी बाहेर यायच्या आधीच मला कळलेलं असतं, की दुसरा काळा पट्टा एका बाजूला ओघळलाय. एकीची माशी वांग्यासारखी, एकीची मिरचीसारखी, एकीच्या माशीला तर कमरेत झालर. आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: काळी लोकर वाईट निघाली.

काळी लोकर वाईट नसते. बिघाड काळ्यात दिसतो, झालेला असतो पिवळ्यात, दोन-चार फेऱ्या आधी.

(पिवळं-काळं म्हटलं की नागपूरकराला आधी मारबत आठवते, म्हणजे पोळ्याच्या सुमारास मिरवणुकीत निघणारे, इडापिडा घेऊन जाणारे पिवळे-काळे पुतळे, मग माशी. आमच्याकडे बिघडलेली माशी "घेऊन जा गे मारबत" म्हणून सरळ टोपलीत जाते. टाकू नका. बहुतेक माशा वाचतात.)

आधी आपण एकाच माशीबद्दल बोलतोय ना, ते बघू. चार पदरी ॲक्रिलिक लोकर, क्रोशाची सुई 2.5 मिमी. पिवळ्याने तोंडाकडून सुरुवात. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढलं की बंद होणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात, 6 मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे 12. तिसरीत एक साधा, एक वाढ (एकाच टाक्यात दोन), असे 18. चौथीत दोन साधे, एक वाढ, असे 24. पाचवी-सहावी नुसती 24 ची, पिवळीच. सातवी-आठवी काळी, नववी-दहावी पिवळी, अकरावी-बारावी काळी, सगळ्या 24 च्या. मग पिवळ्याने 18, पुन्हा 12, आणि शेवटी काळ्याने 6. माशी साधारण लिंबाएवढी जाड आणि बोटभर लांब होते.

मुका खांब म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा ओढायचा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. हे सांगावं लागतं, कारण नावांचा घोळ मोठा आहे. आईच्या पेटीतली जुनी इंग्रजी पुस्तकं बहुतेक ब्रिटिश पद्धतीची असतात. त्यांत मुक्या खांबाला डबल क्रोशे म्हणतात. मोबाइलवरचे अमेरिकन व्हिडिओ त्यालाच सिंगल क्रोशे म्हणतात, आणि त्यांचा डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण, उंच खांब. पुस्तकातला डबल वाचून व्हिडिओतला डबल घातला की माशी दुप्पट लांब होते आणि तिच्यातून पलीकडचा माणूस दिसतो. तुमची माशी जाळीदार झाली असेल तर पुढचं काही वाचायच्या आधी एवढं तपासा.

आता ओघळ. दर फेरीला सहाच टाके का वाढवायचे? मुका खांब जेवढा रुंद, जवळपास तेवढाच उंच. शाळेत शिकलो होतो की परीघ त्रिज्येच्या साधारण सव्वासहा पट असतो. प्रत्येक फेरीने त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे परिघाला सहा-सव्वासहा टाके जास्त लागतात. सहा दिले की चकती सपाट राहते. पाच दिले की द्रोण होतो, आठ दिले की झालर. (पूर्ण खांब उंचीला साधारण दुप्पट, म्हणून त्याच्या रुमालाला दर फेरीत 12 वाढवतात. ज्यांना रुमाल येतात त्यांच्या हाताला ही सवय असते आणि माशीला झालर लागते ती इथूनच.)

पण झालर निदान चौथ्या फेरीतच दिसते. घात करतो तो हरवलेला टाका. पाचव्या फेरीपासून वाढ नाही, घट नाही, नुसतं गोल गोल जायचं. इथे हात निवांत होतो, तोंड सुरू होतं, आणि प्रत्येक फेरीला एक टाका गळतो: 24, 23, 22, 21. तोही दरवेळी त्याच ठिकाणी, फेरी जिथे संपते तिथेच. त्यामुळे माशी सगळीकडून सारखी बारीक होत नाही, एकाच कुशीत आखडते. साध्या पिवळ्यात हे डोळ्याला कळत नाही. मग काळा पट्टा येतो. गवंड्याने भिंतीवर दोरी धरावी तसा तो पट्टा, भिंत वाकडी असेल तर दोरीच चुगली करते. पहिल्या पट्ट्यात थोडं, दुसऱ्यात चांगलंच दिसतं, आणि खापर लोकरीवर.

टाका गळतो तो दोन तऱ्हांनी. आमच्यातल्या ज्या रुमाल-तोरणं करत आल्या आहेत, त्या प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने (दोरा टाक्यातून आणि सुईवरच्या फासातून एकदम ओढून) जोडतात आणि एक साखळी घालून वर चढतात. जोडाचा तो चपटा टाका पहिल्या टाक्याच्या डोक्यावर बसतो आणि पहिला टाका त्याखाली झाकला जातो. कधी तो सुटतो, कधी जोडालाच टाका समजून त्यात खांब जातो. एकदा कमी, एकदा जास्त. नव्या मुली व्हिडिओ बघून न जोडता सलग गोल विणतात. ते बरोबरच आहे, पण त्या खूण लावत नाहीत. मग फेरी कुठे संपली ते अंदाजाने, आणि अंदाज नेहमी एक टाका आधीच थांबतो.

माझी स्वतःची चूक तिसरीच होती. मी सुईवरचा फास मोजत होते. सुईवर जो फास असतो तो टाका नव्हे, तो कधीच मोजायचा नाही. मी तो धरून 24 म्हणायचे आणि प्रत्यक्षात असायचे 23. चार माशा झाल्या, चारही डावीकडे कललेल्या. घरात मत पडलं की ही काकूची खास पद्धत असावी.

उपाय एकच आहे आणि तो फुकटचा आहे. जोडू नका, सलग विणा, आणि वेगळ्या रंगाचा हातभर दोरा घ्या. मी पांढरा शिवणाचा दोरा घेते. प्रत्येक फेरीचा पहिला टाका घालायच्या आधी तो दोरा कामावर आडवा टाकायचा, एकदा पुढून मागे, पुढच्या फेरीला मागून पुढे. टाक्यांमध्ये तो अडकून बसतो आणि माशीच्या अंगावर धावदोऱ्यासारखी रेघ तयार होते. सेफ्टी पिनेनेही जमतं, पण पिन दर फेरीला हलवावी लागते आणि हलवली की मागची खूण जाते. दोऱ्याचा फायदा असा, की बाराव्या फेरीवर बसून सातव्या फेरीचे टाके मोजता येतात, न उसवता. माशी झाली की दोरा ओढून काढायचा.

ही रेघ सरळ उभी जात नाही, उजवीकडे सरकत जाते. घाबरू नका. उजव्या हाताने विणणाऱ्यांचे मुके खांब थोडे उजवीकडेच कलतात. डावखुऱ्यांची रेघ डावीकडे जाईल.

मोजायचं कसं, तर काठावर वेणीसारख्या ज्या बाणाच्या खुणा दिसतात त्या मोजायच्या. दोऱ्यापासून दोऱ्यापर्यंत. चोवीस एकदम मोजू नका, चार-चारचे सहा गट पाडा. मध्येच कोणी "चहा ठेवू का" विचारलं तरी गट हरवत नाही.

मोजले आणि 23 निघाले तर? तिसऱ्या-चौथ्या फेरीत चूक असेल तर सरळ उसवा. पायाच तिरपा असेल तर पुढे लाड करून उपयोग नाही. सहाव्या फेरीनंतर एखादाच टाका कमी असेल तर मी उसवत नाही. पुढच्या फेरीत पोटाच्या बाजूला एका टाक्यात दोन घालते आणि विसरून जाते. माशीचं पोट कोण बघतं? पण दोन किंवा जास्त गळले असतील तर भरपाईचे टाके शेजारी शेजारी येतात आणि तिथे टेंगूळ दिसतं. तेव्हा उसवलेलं बरं. ॲक्रिलिक चारदा उसवलं की त्याला रोवा सुटतो, म्हणून निर्णय लवकर घ्या.

आणखी एक गंमत. सगळं मोजून बरोबर, तरी तोंडाकडची चकती गोल न होता षटकोनी होते. वाढी एकावर एक, त्याच सहा जागी आल्या की सहा कोपरे तयार होतात. माशीच्या आधी पोळ्यातलं घर तयार! आपल्या छोट्या माशीत कापूस भरल्यावर हे फारसं राहत नाही, पण डोळ्याला खुपत असेल तर चौथ्या फेरीची सुरुवात एक साधा, मग वाढ, मग दोन साधे-एक वाढ असं पाच वेळा, आणि शेवटी एक साधा अशी करा. बेरीज 24 च राहते, कोपरे मोडतात.

आता काळ्या लोकरीवरच्या आरोपाकडे. तिचा दोष एवढाच की तिच्यात टाके दिसत नाहीत. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काळ्या फेऱ्या विणणं म्हणजे चाचपडणं. त्या दिवसा करा, आणि मांडीवर पांढरा पंचा पसरा. मागून पांढरं दिसलं की टाक्यांची भोकं आपोआप उठून दिसतात. तरीही जमत नसेल तर पहिल्या माशीला काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्या. आपली सातेरी, म्हणजे देशी मधमाशी, तशी तपकिरी-काळीच दिसते, कोणी हरकत घेणार नाही.

हाताच्या ओढीबद्दल इथेच सांगते, कारण नागपुरात ती ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की दुपारी हाताला घाम, ॲल्युमिनियमच्या सुईवर लोकर चिकटून चिकटून सरकते, आणि टाका आवळला जातो. रात्री त्याच माशीचा उरलेला भाग कूलरसमोर बसून केला की टाका सैल पडतो. खालचा अर्धा एका मापाचा, वरचा दुसऱ्या. टाके बरोबर 24, तरी माशी बेढब. अंग एकाच बैठकीत संपवा, तास-दीड तास लागतो. घामाला बोटांवर चिमूटभर टाल्कम पावडर पुरते.

पोटातला कापूस दिसणं ही दुसरी मोठी तक्रार. तिचं कारण निम्म्या वेळा सुई असते. लोकरीच्या वेष्टनावर 3.5 किंवा 4 मिमीची सुई लिहिलेली असते. ते माप स्वेटर-शालीसाठी आहे, जिथे कापड मऊ पडायला हवं. खेळण्याला उलट हवं, ताठ आणि दाट. वेष्टनावरच्या मापापेक्षा एक ते दीड मिमी बारीक सुई घ्या. हाताला सुरुवातीला जड जाईल, टाक्यात सुई घुसताना कुरकुर होईल. तपासायची माझी पद्धत: विणलेली वाटी बोटावर घालून दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर चालेल, काडेपेटीच्या काडीचं डोकं आत जात असेल तर सुई बदला.

सुई बरोबर असूनही भोकं पडत असतील तर माशी उलटी आहे का ते बघा. हे फार जणींचं होतं आणि लक्षात येत नाही. बाहेरच्या बाजूला बाणांच्या ओळी दिसायला हव्यात. आडव्या आडव्या काड्या दिसत असतील तर ती आतली बाजू. विणताना वाटीचा काठ तुमच्या जवळच्या अंगाला असायला हवा, बाहेरची बाजू तुमच्याकडे. वाटीच्या आत डोकावत पलीकडच्या काठावर विणत असाल तर ती उलटी आहे. पाचव्या फेरीपर्यंत असेल तर मोज्यासारखी उलटवून घ्या आणि पुढे चला.

नंतर घट. 24 वरून 18 वर येताना दोन टाके एकत्र करतात, तिथे नेहमी भोक राहतं. दोन्ही टाक्यांचे पूर्ण काठ उचलू नका. दोन्हींचा फक्त तुमच्याकडचा, पुढचा धागा सुईवर घ्या, दोरा घेऊन त्या दोन्हींतून काढा, आता सुईवर दोन फास आहेत, पुन्हा दोरा घेऊन त्यांतून काढा. घट जवळजवळ दिसत नाही. हे एक शिकलात तरी माशी दुकानातली वाटते. मात्र पुढचा धागा ही युक्ती घटीपुरतीच. इतर टाक्यांना दोन्ही धागे उचला. नुसता एक उचलत गेलात तर कापड ताणलं जातं आणि भोकांची रांग लागते.

टाका आणखी घट्ट हवा असेल तर टाक्यातून पहिल्यांदा ओढताना दोरा सुईवरून न घेता सुईखालून उचला. मग बाणाऐवजी फुलीसारखा टाका दिसतो, छोटा आणि दाट. काहींना त्याचं रूप आवडत नाही. मला आवडतं. पण अर्धी माशी बाण आणि अर्धी फुली असं नको.

भरायला काय? विदर्भात राहून कापूस विकत घ्यायचा म्हणजे जिवावर येतं, घरात गादीतला असतोच. पण रुईचे गोळे होतात, धुतल्यावर तर माशीच्या पोटात लाडू बसतात, आणि श्रावणात आठवडाभर ती वाळत नाही. जुन्या उशीतलं फायबर चांगलं. मोकळं पिंजून, चिमटी-चिमटीने, 18 टाक्यांची फेरी झाल्यावर भरायला लागा. एकदम कोंबू नका. टाके ताणून फाकले की सुईचं सगळं पुण्य वाया. काळ्या पट्ट्यातून पांढरं डोकावत असेल तर भरायच्या आधी आतून जुन्या काळ्या मोज्याचा एक तुकडा लावा.

पट्ट्याला पायरी पडते, म्हणजे रंग बदलतो तिथे काळं एका घराने वर चढलेलं दिसतं. सलग विणण्याचं ते मोल आहे, कारण आपण खरं तर जिन्यासारखे चढत असतो. पूर्ण जात नाही, पण लपवता येतं. पिवळ्याचा शेवटचा टाका पिवळ्याने सुरू करा आणि त्याचे सुईवरचे दोन फास काढताना काळा दोरा घ्या. मग काळ्याचा पहिला टाका मुका खांब न घालता स्लिप स्टिच घाला, सैलसर. तो बुटका असतो म्हणून पायरी बुजते. मोजताना तो टाका धरायचा आणि पुढच्या फेरीत त्यातही खांब घालायचा, नाहीतर आपला 23 चा आजार परत. उरलेली पायरी पोटाकडे ठेवा.

मॅजिक रिंगचं भोक काही दिवसांनी उघडतं, तेही तोंडाच्या बरोबर मध्यभागी. दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतणीची माशी बोजारा (तान्ह्या पोळ्याला घरोघरी पोरांना मिळणारे पैसे) मागायला निघालेल्या नंदीवर बसलेली असताना तिच्या नाकातून फायबर बाहेर आलं होतं. ॲक्रिलिक निसरडं असतं. रिंग ओढून बंद केली की सुरुवातीला सुटा राहिलेला दोरा शिवणाच्या सुईत ओवून आतल्या बाजूने त्या सहा टाक्यांतून एक वेढा घ्या, मग उलट दिशेने दुसरा. ज्यांना रिंग जमतच नाही त्यांनी दोन साखळ्या घालून सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घालावेत. तिथे जरासं भोक राहतं, पण ते उघडत जात नाही.

पंख आणि पाय यांत बिघडण्यासारखं फार नाही. माशीला पंख चार असतात, दोन नव्हे, आणि पाय सहा. काळ्या दोऱ्याची पाच-सहा साखळ्यांची शेपटी म्हणजे एक पाय. सगळं तोंडाजवळच्या पहिल्या पिवळ्या भागाच्या मागे टाचायचं, शेपटाकडे नाही. एकीने कंटाळून मृगाचा किडा करायला घेतला, लाल मखमली, पट्ट्यांची भानगडच नको म्हणून. कल्पना छान आहे, फक्त त्याला आठ पाय लावा. तो कीटक नसून कोळ्यांच्या गोतातला आहे. वाकडा झाला तर पट्टा चुगली करणार नाही, हा त्याचा मोठा गुण.

डोळे 6 मिमीचे प्लास्टिकचे लावायचे असतील तर भरायच्या आधी, पाचव्या फेरीच्या आसपास, आतून चकती पक्की दाबून. तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची माशी असेल तर ते नकोतच, काळ्या दोऱ्याने डोळे भरा. आणि इस्त्री फिरवू नका, ॲक्रिलिक तापलं की कायमचं लिबलिबीत होतं.

शेवटचे सहा टाके बंद करताना दोरा वीतभर ठेवून कापा. शिवणाच्या सुईत ओवून सहाही टाक्यांच्या पुढच्या धाग्यांतून बाहेरच्या बाजूने आत असा एकेक घ्या आणि ओढा, भोक मिटतं. मग सुई मधोमध घालून पोटाच्या बाजूने बाहेर काढा, माशी दोन बोटांत जरा दाबून धरा, दोरा अंगालगत कापा आणि सोडा. टोक आत जातं.